पुरवणीची वही उघडी हवी

शाळेची शुल्कपावती, ग्रामपंचायतीचे देयक, पतपेढीचा धनादेश अशा कागदांवर रक्कम केवळ आकड्यांत लिहून भागत नाही. ‘अक्षरी रुपये’ या शब्दांपुढील मोकळी जागाही भरावी लागते. ही निव्वळ जुनी रूढी आहे, असे कोणी समजू नये. चेक, हुंड्या आणि वचनचिठ्ठ्या यांविषयीच्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे अठरावे कलम सांगते की, अंकी आणि अक्षरी रकमेत तफावत असेल, तर अक्षरी रक्कमच प्रमाण मानावी. अंकात झालेली चूक शब्दाने सावरता येते. शब्दातच चूक झाली, तर तिला सावरणारे त्या कागदावर दुसरे काही नसते.

आज यांतील पुष्कळसा हिशेब संगणकावरील स्प्रेडशीटच्या तक्त्यात होतो, आणि बहुतेक कचेऱ्यांत हा तक्ता म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीचे एक्सेल. व्याजापासून त्रिकोणमितीपर्यंत शेकडो सूत्रे त्यात तयार मिळतात. थायलंडच्या चलनातील रक्कम थाई अक्षरांत लिहून देणारे ‘बाटटेक्स्ट’ नावाचे सूत्रदेखील त्यात आहे. रुपयासाठी असे सूत्र नाही. मग मराठी रुपयाची गोष्ट दूरच. डॉलरची अवस्थाही फारशी निराळी नाही. डॉलर आणि सेंट शब्दांत लिहून देणारी एक नमुना-आज्ञावली कंपनीने प्रसिद्ध केली आहे. ज्याला हवी त्याने ती उतरवून घेऊन आपल्या तक्त्याला जोडावी, अशी व्यवस्था आहे.

याबद्दल कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. घटत्या शिलकीवर व्याज आकारण्याची एखाद्या पतसंस्थेची पद्धत, परीक्षा विभागाचे सवलतीच्या गुणांचे नियम, पाटबंधारे खात्यातील विसर्गाची गणिते हे सारे कोणत्या कारखानदाराने आधीच ओळखून ठेवावे? म्हणूनच तक्त्याला बाहेरून जोडायची पुरवणी, म्हणजेच ‘ॲड-इन’, ही गोष्ट जन्माला आली. कारकुनाने घरात ‘=’ हे चिन्ह लिहून नव्या सूत्राचे नाव घातले की ते मूळच्या बेरजेच्या सूत्रासारखेच चालू लागते. ही पुरवणी कोणी लिहायची, कोणत्या हत्याराने लिहायची आणि एकाने लिहिलेली पुरवणी दुसऱ्याला वाचता यावी की नाही, हे प्रश्न वरवर तांत्रिक वाटतात. वस्तुतः ज्यांचे पगार, गुण आणि कर्जाचे हप्ते या तक्त्यांतून निघतात, त्या सर्वांशी त्यांचा संबंध आहे.

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये ‘व्हिझिकॅल्क’ ही आज्ञावली ॲपल-२ या छोट्या संगणकासाठी बाजारात आणली, तेव्हा एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलतात, हेच लोकांना मोठे नवल वाटले होते. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आले आणि १९८५ मध्ये मॅकिंटॉश यंत्रावर एक्सेल अवतरले. पुरवणीच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे वर्ष १९९३. त्या वर्षी एक्सेलमध्ये ‘व्हीबीए’ ही सोपी आज्ञाभाषा अंतर्भूत झाली, आणि संगणकशास्त्राचा गंध नसलेले लेखापाल, अभियंते व कारकून आपापल्या कामापुरते आज्ञावलीकार बनले. या भाषेची आज पुष्कळदा थट्टा होते. ती कृतघ्नपणाची आहे. जगातील हिशेबाचे केवढे तरी ओझे या साध्या भाषेने वाहिले आहे.

तथापि, तिचे दोष दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. व्हीबीएची आज्ञावली सामान्यतः त्या त्या फाइलच्या पोटात राहते. फाइलीच्या वीस प्रती झाल्या की आज्ञावलीच्याही वीस प्रती होतात. एकीत दुरुस्ती केली तरी उरलेल्या एकोणीस चुकत राहतात. लिहिणारा तिला परवलीच्या शब्दाचे कुलूप घालतो आणि कालांतराने बदली होऊन किंवा निवृत्त होऊन निघून जातो. मागे राहतो तो रोज वापरात असलेला, पण कोणालाही न उलगडणारा हिशेब. मराठी माणसाच्या वाट्याला याशिवाय आणखी एक खास अडचण येते. व्हीबीए लिहिण्याची खिडकी जुन्या वर्णसंचावर उभी आहे आणि देवनागरीला त्या संचात स्थान नाही. तेथे ‘पंचवीस’ हा शब्द लिहू गेल्यास अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. त्यावरचा एक उपाय म्हणजे प्रत्येक वर्णाचा युनिकोडमधील क्रमांक देणे: २३४६, २३०६, २३३०, २३५७, २३६८, २३६०. एवढे लिहावे तेव्हा ‘पंचवीस’ सिद्ध होतात! शंभराच्या आतील सर्व संख्या अशा लिहिल्यावर त्यांतील शुद्धलेखन तपासायला कोणता मराठीचा शिक्षक धजेल?

व्हीबीएहून अधिक सामर्थ्याची पुरवणी लिहिण्याचा मार्गही एक्सेलमध्ये पूर्वीपासून आहे. सी भाषेत लिहिलेल्या अशा पुरवणीच्या फाइलीला ‘एक्सएलएल’ म्हणतात. ती वेगवान असते. परंतु तिची वाट फार खडतर. प्रत्येक सूत्राची एक्सेलकडे सांकेतिक अक्षरांत नोंदणी करायची, स्मृतीतील जागा हाताने मागायची, काम झाल्यावर ती न चुकता परत करायची. यांत थोडी जरी गफलत झाली तर संपूर्ण एक्सेलच कोसळायचे. साहजिकच ही विद्या मोठ्या बँका व विशेषज्ञ कंपन्या यांच्या पलीकडे फारशी गेली नाही.

ही भिंत खाली आणण्याचे श्रेय मुख्यतः एका माणसाला द्यावे लागते. दक्षिण आफ्रिकेतील गोव्हर्ट व्हान ड्रिमेलन यांनी २००५-०६ च्या सुमारास ‘एक्सेल-डीएनए’ नावाचे साधन तयार करून त्याची मूळ संहिता सर्वांना खुली केली. नावातील ‘डीएनए’ हा जीवशास्त्रातील शब्द नव्हे. ‘डॉटनेट फॉर ॲप्लिकेशन्स’ याचे ते लघुरूप आहे. डॉटनेट ही मायक्रोसॉफ्टनेच निर्माण केलेली आधुनिक आज्ञाप्रणाली. पण तिच्यात लिहिलेले सूत्र एक्सेलच्या घरात सहज बसावे यासाठीचा सुटसुटीत सांधा बाहेरच्या माणसाने जोडून दिला, ही या कथेतील गंमत होय. लिहिणाऱ्याने सी-शार्प, व्हिज्युअल बेसिक किंवा एफ-शार्प या भाषेत आपले सूत्र लिहावे, त्यावर ‘हे एक्सेलसाठी’ अशी खूण करावी. नोंदणीची, स्मृतीची आणि आकड्यांच्या रूपांतराची सारी कटकट हे साधन निस्तरते. शेवटी हाती येते एकच एक्सएलएल फाइल. ती दुसऱ्याच्या यंत्रावर उघडली की झाले. यंत्रावर विशेष अधिकार असलेल्या व्यवस्थापकाची वाट पाहावी लागत नाही. आणि या भाषांना युनिकोडचे वावडे नसल्यामुळे ‘पंचवीस’ हा शब्द संहितेत ‘पंचवीस’ असाच लिहिता येतो.

या साधनाचा परवाना ‘झेडलिब’ या नावाने ओळखला जातो आणि तो वाचण्यासारखा आहे, कारण तो अगदी लहान आहे. वापरा, बदला, विकायच्या मालात घाला. केवळ मूळ कर्तृत्व आपले म्हणून सांगू नका, फेरफार केला असेल तर तसे स्पष्ट नमूद करा आणि परवान्याचा हा मजकूर संहितेतून काढून टाकू नका. हमी मात्र कशाचीच नाही.

पायथन या भाषेच्या बाजूने असेच काम झ्युरिकच्या फेलिक्स झुमस्टाइन यांनी ‘एक्सएलविंग्ज’ या साधनाद्वारे २०१४ पासून केले. महाविद्यालयांतून पायथन शिकून येणाऱ्या पिढीला हा मार्ग अधिक जवळचा वाटेल. पण एका मर्यादेची जाणीव हवी. या साधनाच्या खुल्या भागातून तक्त्याच्या घरात वापरायची सूत्रे विंडोजवरच चालतात, आणि काही प्रगत सोयींसाठी वेगळा, सशुल्क परवाना लागतो. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही एक्सेलमध्ये पायथन आणले. ते वापरणाऱ्याच्या यंत्रावर चालत नाही, कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर चालते. ज्याला आपले पगारपत्रक किंवा रुग्णांची यादी कचेरीबाहेर जाऊ द्यायची नाही, त्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

आता कोणी म्हणेल की, सूत्र बरोबर उत्तर देते ना? मग त्याची संहिता उघडी असली काय आणि बंद असली काय! या आक्षेपाला उत्तर देणारे एक उदाहरण स्प्रेडशीटच्या इतिहासातच आहे. संख्याशास्त्रीय आज्ञावलींच्या अचूकपणाचा कसोशीने अभ्यास करणारे बी. डी. मॅक्कलो यांनी १९९९ मध्ये बेरी विल्सन यांच्यासह एक्सेल-९७ मधील संख्याशास्त्रीय सूत्रांचे दोष दाखवून दिले. त्याच सुमारास ‘ग्नुमेरिक’ हा खुल्या संहितेचा तक्ता तयार होत होता. एक्सेलची नक्कल त्यात इतकी हुबेहूब उतरली होती की, एक्सेलसारखे दोषही तीत आले होते. मॅक्कलो यांनी ते ग्नुमेरिकच्या कर्त्यांना कळविले आणि काही आवृत्त्यांतच त्यांनी बहुतेक चुका दुरुस्त केल्या. एक्सेलच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या, तरी तिकडे त्या चुका कायम राहिल्याचे मॅक्कलो यांनी २००४ मध्ये नोंदविले.

ग्नुमेरिकचे कर्ते अधिक बुद्धिमान होते, असा याचा अर्थ नव्हे. त्या तक्त्यातील सूत्रे मुळातच पुरवण्यांच्या रूपाने निरनिराळ्या गटांत ठेवलेली आहेत. त्यांची संहिता उघडी आहे. आणि ‘आर’ या खुल्या संख्याशास्त्रीय आज्ञावलीत उत्तम रीतीने लिहिलेली सूत्रे परवान्याची अडचण न येता उचलून घेणे त्यांना शक्य होते. जे बंद कपाटात आहे त्यात शेजाऱ्याला हात घालता येत नाही, मग शेजारी कितीही जाणकार असो. पुढे एक्सेलनेही २०१० च्या आवृत्तीत आपली अनेक सूत्रे सुधारली, हेही सांगितले पाहिजे. आणि ग्नुमेरिकच्या कर्त्यांनी नंतर विंडोजसाठीची आवृत्ती देणे बंद केल्याने सामान्य कचेरीतून ते दिसेनासे झाले, हेही.

दुसरे उदाहरण अधिक गाजलेले आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये असे मांडले की, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलेल्या देशांच्या आर्थिक वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्के आढळतो. काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ या निबंधाचा आधार जगभर घेतला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला मूळ लेखकांकडून त्यांचा एक्सेलचा तक्ता मिळाला. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी राहून गेल्या होत्या: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. न्यायाने बोलायचे तर एकट्या या चुकीने निष्कर्ष फार हलला नसता. वगळलेली वर्षे आणि देशांना दिलेला भार यांचा परिणाम त्याहून मोठा होता. सर्व दुरुस्त्यांनंतर हर्नडन व त्यांचे प्राध्यापक यांनी काढलेला आकडा २.२ टक्के. तीन वर्षे पंडितांनी निबंध वाचला, वाद घातले. परंतु तक्ता हाती येईपर्यंत राहून गेलेल्या पाच ओळी कोणाला दिसणार होत्या?

तेव्हा ज्या हिशेबाचा परिणाम दुसऱ्याच्या खिशावर होतो, तो हिशेब करणारी पुरवणी वाचण्यास मोकळी असली पाहिजे, एवढी अपेक्षा वावगी नाही. लेखापरीक्षक कीर्द आणि खतावणी मागतो. त्यांची गणिते करणारी आज्ञावली तो मागत नाही, ही चमत्कारिक सवलत आहे.

खुल्या संहितेच्या भक्तांनी मात्र दोन गोष्टींचा विसर पडू देऊ नये. पहिली गोष्ट अशी की, जे हत्यार सज्जनाला मिळते ते दुर्जनालाही मिळते. एक्सेल-डीएनएच्या आधारे घातक एक्सएलएल फाइली बनवून त्या टपालातून धाडल्या जात असल्याचे सुरक्षा-संशोधकांनी २०२२ पर्यंत उघड केले होते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बाहेरून आलेल्या फाइलींतील व्हीबीए आज्ञावली आणि पुढील वर्षी बाहेरून आलेल्या एक्सएलएल पुरवण्या मुळातच अडविण्यास सुरुवात केली. अनोळखी पत्त्यावरून आलेली पुरवणी उघडणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देणे होय. संहिता कोठेतरी खुली आहे, याचा त्या वेळी काहीच उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. संहिता उघडी आहे याचा अर्थ कोणी ती वाचते आहे, असा होत नाही. आणि कोणी ती सांभाळते आहे, असा तर मुळीच होत नाही. एक्सेल-डीएनएचेच पाहावे. वित्तव्यवसायात या साधनाचा पुष्कळ वापर होतो. त्याचा भार मात्र प्रामुख्याने एका माणसाच्या शिरावर राहिला आहे. एक्सेलची नवी आवृत्ती आली, ३२ बिटांची जागा ६४ बिटांनी घेतली, डॉटनेटची कूस बदलली, की प्रत्येक वेळी सांधा नव्याने बसवायचा. संहिता जेथे ठेवली होती ते ‘कोडप्लेक्स’ नावाचे कोठारच २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केले, तेव्हा तेथील साऱ्या खुल्या प्रकल्पांना आपले बिऱ्हाड हलवावे लागले. एवढ्या उपद्व्यापाचे वेतन कोण देते? देणगीदारांची वाट पाहणे, एवढेच बहुधा अशा कर्त्यांच्या हाती उरते. कोट्यवधींचे व्यवहार ज्या खिळ्यावर टांगले आहेत, तो खिळा कोणी ठोकला याची चौकशीही न करणाऱ्या संस्थांच्या वृत्तीला काटकसर म्हणणे कठीण आहे.

असा एकटेपणा धोक्याचा ठरतो, हे २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या प्रकरणाने जगाला दाखविले. फाइली आक्रसून साठवणारे हे खुले साधन एक थकलेला स्वयंसेवक एकट्याने सांभाळीत होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका तोतयाने दीर्घकाळ विश्वास संपादन करून त्यात चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर प्रवेश मिळण्यास जेमतेम अर्ध्या सेकंदाचा उशीर होतो, हे खटकले; तो मागे लागला आणि संहिता उघडी असल्यामुळेच त्याला मुळापर्यंत पोचता आले. प्रत्येक वेळी असा चिकित्सक भेटेलच, याची शाश्वती नाही.

महाराष्ट्रातील एखाद्या शिक्षणसंस्थेने किंवा जिल्हा परिषदेने मनावर घेतले, तर अक्षरी रुपयाच्या एका सूत्रापासून या गोष्टीला आरंभ करता येईल. इंग्रजीत शंभराच्या आतील संख्यांचे काम सत्तावीस शब्दांवर भागते. एक ते एकोणीस आणि आठ दशके. मराठीला नव्याण्णव शब्द लागतात आणि त्यांना एकच एक नियम नाही. एकोणीस, एकोणतीस असे करीत एकोणनव्वदपर्यंत येणारी वाट पुढच्या दशकात ‘एकोणशंभर’ला न जाता ‘नव्याण्णव’कडे वळते. हिंदीचा तक्ता उचलून आणणाऱ्याच्या यादीत ८९ ला ‘नवासी’ येते. शंभर एकटे असले तर ‘शंभर’, पुढे पाच जोडले तर ‘एकशे पाच’. ‘सदुसष्ट’ लिहावे की ‘सडुसष्ट’, याचा निकाल संगणकतज्ज्ञाने नव्हे, भाषेच्या शिक्षकाने द्यायचा असतो.

त्यासाठी एक चांगला नमुना डोळ्यांपुढे आहे. मजकुरातील शब्दांचे लेखन तपासणारी ‘हन्स्पेल’ ही खुली आज्ञावली ज्यांनी निर्माण केली, ते हंगेरीचे लास्लो नेमेथ यांनीच अंकांचे शब्दांत रूपांतर करणारी ‘नंबरटेक्स्ट’ ही पुरवणी लिबरऑफिसच्या तक्त्यासाठी तयार केली. तीत प्रत्येक भाषेचे नियम यंत्रणेपासून अलग, छोट्या स्वतंत्र फाइलीत ठेवलेले असतात. भाषा जाणणाऱ्याने ती फाइल पाहावी, दुरुस्त करावी. बाकीच्या यंत्राला हात लावण्याची त्याला गरज पडत नाही. हीच विभागणी एक्सेलच्या पुरवणीतही करता येते. नव्याण्णव शब्दांची यादी साध्या देवनागरी फाइलीत, रकमेचे कोटी-लाख-हजार असे तुकडे पाडणारी आज्ञावली दुसरीकडे, आणि दोन्ही उघड्या. ती यादी छापून मराठीच्या दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे वाचली, तर अर्ध्या तासाचे काम आहे. त्यानंतर उरतील ती कचेरीतल्या जाणत्या कारकुनालाच विचारण्याजोगी किरकोळ प्रकरणे: पैसे शून्य असतील तेव्हा ‘फक्त’ हा शब्द कोठे घालावा, वसुलीची उणे रक्कम अक्षरांत कशी लिहावी, आणि रकमेचा रकाना रिकामाच राहिला असेल तर ‘शून्य रुपये’ छापावे की जागा कोरी सोडावी.